पाठ टेकून रहदारीतून: रिकम्बंट सायकलीचा चौदा महिन्यांचा अनुभव

चौदा महिन्यांपूर्वी मी रिकम्बंट सायकल घेतली, म्हणजे पाठ टेकून आणि पाय पुढे पसरून चालवायची सायकल, आणि तेव्हापासून कामावर जाण्यायेण्यासाठी दुसरे वाहन क्वचितच वापरले आहे. साध्या सायकलीवर अर्ध्या तासानंतर माझ्या तळहातांना मुंग्या येत असत आणि मान आखडत असे. ती तक्रार पहिल्याच महिन्यात संपली, कारण या सायकलीवर शरीराचा भार हातांवर पडतच नाही आणि समोर बघण्यासाठी मान वर उचलून धरावी लागत नाही. वाटेत भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण मात्र एकच गोष्ट विचारतो: इतक्या खाली बसून तुम्ही गाड्यांना दिसता तरी का? प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मते तो अर्धाच आहे. मला गाड्या वेळेत दिसतात का, हा त्याचा दुसरा अर्धा भाग, आणि या सायकलीची खरी परीक्षा तिथे होते.

माझ्या सायकलीचे पुढचे चाक 20 इंची, मागचे 26 इंची आहे आणि पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे, एका नळीच्या टोकाला बसवलेले आहेत. सीट जमिनीपासून सुमारे 60 सेंटिमीटर उंचीवर आहे, त्यामुळे बसल्यावर माझे डोळे छोट्या मोटारीच्या चालकाच्या डोळ्यांच्या जवळपास येतात. मी लिहिते आहे ते या उंचीच्या सायकलीपुरते खरे मानावे. शर्यतीसाठी बनवलेल्या, अगदी जमिनीलगतच्या सायकलींना ते लागू पडणार नाही.

मागून येणाऱ्या वाहनांचा मला सर्वांत कमी त्रास झाला, आणि याचे कारण बहुधा या सायकलीचे दुर्मीळपण आहे. 7 जुलै 1933 रोजी फ्रान्सिस फोर या सायकलपटूने पॅरिसमध्ये शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशाच सायकलीवर एका तासात 45.055 किलोमीटर अंतर कापले, आणि 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हा प्रकार अधिकृत शर्यतींतून वगळला. त्यानंतर ही सायकल छोट्या कारखान्यांच्या आणि हौशी मंडळींच्या हाती राहिली, म्हणून आजही बहुतेक चालकांनी ती रस्त्यावर पाहिलेली नसते. समोर काय चालले आहे ते कळेना की माणूस वेग कमी करून बघतो, आणि ओलांडताना जरा जास्तच अंतर सोडतो. सीटमागे लवचीक काठीला लावलेला, माझ्या डोक्याच्या वर फडफडणारा झेंडाही मदतीला येतो; न हलणाऱ्या मोठ्या वस्तूपेक्षा हलणारी छोटी वस्तू लवकर नजरेत भरते.

अडचण येते ती चौकात. साध्या सायकलीवर थोडे पुढे वाकले की डोळे हँडलच्या आसपास असतात. माझे डोळे मात्र माझ्या बुटांच्या टोकापासून सव्वा मीटर मागे असतात. याचा अर्थ असा की, उभ्या वाहनाच्या किंवा भिंतीच्या आडून आडव्या रस्त्यावर डोकावायचे असेल, तर मला काही दिसण्याआधीच माझे पाय त्या रस्त्यावर पोहोचलेले असतात. तिसऱ्या महिन्यात एका उभ्या ट्रकच्या आडून मी अशीच हळूहळू पुढे सरकले आणि एक मोटारसायकल माझ्या उजव्या बुटापासून वीतभर अंतरावरून गेली. त्या स्वाराची काहीच चूक नव्हती, कारण त्याला दिसण्यासारखे असे माझे तोपर्यंत फक्त एक पेडल बाहेर आले होते. तेव्हापासून आडोसा असलेल्या चौकाकडे येताना मी बऱ्याच आधी कडेपासून सुटून मार्गिकेच्या मध्याकडे येते, म्हणजे आडव्या रस्त्याचा मोठा भाग लांबूनच दिसू लागतो. तरीही दिसत नसेल तर थांबून पाय टेकवते, पाठ सीटपासून सोडवून पुढे झुकते आणि दोन पावले चालत सायकल पुढे नेते. मागचे लोक घाई करतात, त्यांना करू द्यावी.

मार्गिकेच्या मध्याकडे राहण्याचे आणखी एक कारण म्हणजे उभ्या मोटारींचे अचानक उघडणारे दरवाजे. या सायकलीवर दरवाजाची कड थेट छातीच्या किंवा चेहऱ्याच्या उंचीला येते. सिग्नलला थांबतानाही मी बस किंवा ट्रकच्या शेजारी जात नाही. त्यांचा चालक इतका उंच बसतो की त्याच्या खिडकीखाली माझा झेंडासुद्धा लपतो. मी मागे, थोडे अंतर राखून आणि त्याच्या आरशात त्याचा चेहरा मला दिसेल अशी उभी राहते. त्याचा चेहरा मला दिसला नाही, तर मीही त्याला दिसत नाही, असे धरून चालते.

आरशांशिवाय ही सायकल रहदारीत नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठ टेकलेली असल्यामुळे मान कितीही वळवली तरी नजर खांद्याच्या फारशी मागे जात नाही. मी दोन्ही बाजूंना आरसे लावले आहेत. ज्या बाजूने वाहने ओलांडून जातात तिथे सपाट काच आहे, कारण फुगीर काचेत गाडी प्रत्यक्षापेक्षा लांब भासते.

सिग्नल सुटल्यावर निघणे शिकायला मला जवळजवळ दीड महिना लागला. इथे पेडलवर उभे राहून जोर लावता येत नाही, आणि जड गिअरमध्ये थांबलेली सायकल पहिल्या अर्ध्या फेरीत इतकी डुगडुगते की शेजारचा चालक घाबरतो. आता थांबण्यापूर्वीच हलका गिअर टाकते आणि ज्या पायात जोर जास्त आहे तो पेडल वर, जरासा स्वतःच्या बाजूला घेऊन ठेवते. पहिल्या आठवड्यात अरुंद जागी वळताना आतल्या बाजूची टाच पुढच्या टायरला घासली आणि मी तशीच आडवी झाले. जमीन जवळ असल्यामुळे कोपर खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण तेव्हापासून तीव्र वळणावर पेडल मारणे थांबवून आतला पाय चाकापासून दूर ठेवते.

गुडघ्यांबद्दल मात्र इशारा द्यायला हवा. साध्या सायकलीवर जोर लावताना शरीर आपोआप वर उचलले जाते. इथे पाठ सीटला टेकलेली असल्याने हट्टाने दाबलेला प्रत्येक पेडल गुडघ्याकडून वसुली करतो. दुसऱ्या महिन्यात माझा डावा गुडघा दुखू लागला. पुढची नळी दोन सेंटिमीटर बाहेर काढली, पाय जवळजवळ सरळ होईल पण ताठणार नाही असे अंतर ठेवले आणि चढावर हलक्या गिअरमध्ये भरभर पाय मारण्याची सवय लावली, तेव्हा तीन आठवड्यांत दुखणे थांबले. खड्ड्यांवर असा उपाय नाही. शरीर सीटवरून उचलता येत नाही, त्यामुळे चुकलेला प्रत्येक खड्डा थेट कण्याला कळतो. रुंद टायर घेऊन हवा थोडी कमी ठेवल्याने हादरे सौम्य झाले, पण गतिरोधकावर आजही जवळजवळ थांबावेच लागते.

रात्रीच्या बाबतीतली एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. पेडलवरचे पिवळे परावर्तक या सायकलीवर एक आकाशाकडे आणि एक जमिनीकडे तोंड करून फिरतात, म्हणजे पुढच्या-मागच्या कोणालाच त्यांचा उपयोग नसतो. उलट बुटांचे तळवे समोर असतात. तळव्यांच्या टाचेजवळच्या खोलगट भागात मी चकाकणारी पट्टी चिकटवली आहे. ती पायांबरोबर गोल फिरते, आणि समोरून येणारे लोक आता दिवा लांबूनच खाली करतात. मागचा दिवा सीटच्या पाठीवर उंच लावला आहे. पुढचा दिवा मात्र पेडलच्या नळीच्या अगदी टोकालाच हवा, नाहीतर रस्त्यावर स्वतःच्याच पायांच्या सावल्या नाचत राहतात.

ज्यांना ही सायकल घ्यायची आहे त्यांनी आधी ती मोकळ्या जागी चालण्याच्या वेगाने, सरळ रेषेत, पन्नास पावले नेऊन पाहावी. लांबच्या रस्त्यावर वेगात ती कोणालाही आवडेल. गर्दीत मात्र हाच संथ वेग वाट्याला येतो. तोल राहत नसेल तर पुढे दोन चाके असलेली तीनचाकी रिकम्बंट अधिक सोयीची पडेल. तिच्यावर थांबताना पाय टेकावा लागत नाही, चढावर कितीही हळू जाता येते, फक्त पाय पेडलला बांधलेले हवेत, कारण घसरलेली टाच जमिनीला लागून पाय सायकलीखाली ओढला जाऊ शकतो. ती खालीही बसते आणि रुंदही असते, म्हणून दोन वाहनांमधल्या अरुंद फटीतून जाण्याची सवय असलेल्यांना ती सवय सोडावी लागेल.