एमजीबीत बसवलेल्या एमएक्स-५च्या सीट्स: आठ महिने वापरल्यानंतर

सीट्स बदलून आठ महिने झाले. या काळात गाडी सहा हजार किलोमीटरच्या थोडी वर चालली, त्यात दोन प्रवास पूर्ण दिवसाचे. सीट्स बसवल्या त्याच आठवड्यात मी हा अनुभव लिहायला घेतला होता आणि अर्ध्यावर थांबलो. थांबलो ते बरंच झालं, कारण तेव्हा जे ठामपणे लिहिलं होतं त्यातलं बरंचसं आज खोडावं लागलं असतं.

गाडी १९७१ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन माणसांची उघडी ब्रिटिश गाडी. तिच्या मूळ सीट्सना मी नावं ठेवणार नाही. बसक्या पाठीच्या त्या दोन सीट्स उघड्या गाडीत बाहेरून इतक्या शोभतात की त्या काढताना जिवावर आलं होतं. पण पन्नास वर्षांत रबरी पट्टे लोंबकळले होते आणि फोम बोटांनी कुस्करला तर पिठासारखा गळत होता. बसलो की बूड खाली, गुडघे वर आणि कमरेमागे पोकळी. तासाभरात पाठ धरायची.

म्हणून आधी मूळ सीट्सच नीट करून घेतल्या. नवे पट्टे, नवा फोम. बैठक खरोखर चांगली झाली. ज्यांची उंची बेताची आहे आणि ज्यांच्या फेऱ्या तास-दीड तासाच्या आहेत, त्यांनी इथेच थांबावं असं मी मनापासून सांगेन. माझी उंची सहा फूट. सीटची पाठ माझ्या खांद्यांच्या पात्यांपाशीच संपायची आणि त्याच्या वर काहीच नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९६९पासून नव्या गाड्यांना हेडरेस्ट सक्तीची झाली, पण माझी गाडी त्या बाजारासाठी बनलेली नसल्यामुळे तिला ती नव्हती. सिग्नलला उभं असताना आरशात एखादा ट्रक जवळ येताना दिसला की माझी मान आपोआप आखडायची. पाठदुखी एक वेळ सोसली असती, ही भीती मात्र सोसवेना.

माझदा एमएक्स-५च्या सीट्स निवडण्याचं मुख्य कारण रुंदी. एमजीबीत एका बाजूला सिल (दाराखालची जाड कड) आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचा बोगदा (गाडीच्या मधला उंचवटा), यांच्यामधली जागा फार चिंचोळी आहे. आजच्या बहुतेक सीट्स तिथे उतरतच नाहीत. एमएक्स-५ स्वतःच छोटी, दोन माणसांची उघडी गाडी. एमजीबीचं उत्पादन ऑक्टोबर १९८०मध्ये थांबलं आणि १९८९ साली एमएक्स-५ आली, ती जुन्या ब्रिटिश रोडस्टर्सचाच धागा उचलून. तिच्या पहिल्या पिढीच्या सीट्समध्ये एअरबॅग नाही की वजन ओळखणारे सेन्सर नाहीत. ज्या सीटच्या कुशीत एअरबॅग आहे, ती जुन्या गाडीत बसवण्याच्या भानगडीत कुणीही पडू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सीट शोधताना सगळे रुंदी मोजतात, मीही तेच केलं. पण गाडीत बसण्याचं सुख ठरतं ते उंचीवर, आणि तीही रिकाम्या सीटच्या नव्हे. आपण बसल्यावर गादी दबते, त्या दबलेल्या गादीपासून फ्लोअरपर्यंतचं अंतर हे खरं माप. जुन्या सीटवर बसून मी ते बायकोकडून मोजून घेतलं, मग नवी सीट नुसती फ्लोअरवर ठेवून पुन्हा मोजलं. फरक निघाला ४० मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्यानेच विंडस्क्रीनची वरची पट्टी थेट डोळ्यांसमोर आली, हूड (कापडी छत) चढवल्यावर केस कापडाला घासू लागले आणि क्लच दाबताना मांडी स्टीअरिंगच्या चाकाखाली अडकू लागली. या तीनपैकी शेवटची गोष्ट सरळसरळ धोक्याची. ज्यांनी मला फोटो दाखवून ‘सहज बसतात’ असं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी एकानेही या ४० मिलिमीटरचा उल्लेख केला नव्हता.

ही उंची कुठून कमी करायची, यातच सगळं काम आहे. मी आधी एक तयार ब्रॅकेट मागवून घेतलं. त्याचा पत्रा जाड होता, त्यामुळे सीट खाली येण्याऐवजी आणखी वर गेली. ते परत केलं. एमएक्स-५च्या सीटचे चारही पाय तिच्या स्वतःच्या फ्लोअरच्या चढउतारांप्रमाणे घडवलेले आहेत, पुढचे वेगळे आणि मागचे वेगळे. सपाट फ्लोअरवर त्यांचा उपयोग नाही. शेवटी ते पाय कापून, रनरखाली (ज्यावर सीट पुढे-मागे सरकते त्या रुळांखाली) लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली आणि पट्टीला एमजीबीच्या मूळ छिद्रांशी जुळणारी छिद्रं पाडली. कापाकापी झाली ती फक्त सीटच्या पायांची. गाडीच्या फ्लोअरला एकही नवीन छिद्र नाही, आणि उद्या कुणाला मूळ सीट्स बसवायच्या असतील तर चार बोल्टचं काम आहे. या बाबतीत मी जराही तडजोड केली नाही. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच चासीचं काम करते. सिल आणि फ्लोअर हेच तिचं हाड आहे.

त्या फ्लोअरनेच माझे दोन आठवडे खाल्ले. जुन्या रनरखाली लाकडी पट्ट्या होत्या. पन्नास वर्षांचं पाणी पिऊन त्या काळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्याखाली गंजाचे पापुद्रे सुटत होते. सुदैवाने पत्रा आरपार गेलेला नव्हता. घासून, प्रायमर मारून, रंगवून तो पुन्हा भक्कम केला. पत्र्याला आतून जोडलेल्या नटांपैकी एक मात्र बोल्टबरोबर गरागरा फिरू लागला. तो खालून नव्याने वेल्ड करावा लागला. सीट बदलायची इच्छा नसली तरी जुन्या गाडीच्या सीट्स एकदा काढून खाली काय चाललंय ते बघा, एवढी विनंती.

आणखी एक खबरदारी, कारण ही चूक करताना मी थोडक्यात वाचलो. माझ्या गाडीचे सीटचे बोल्ट पाच-सोळांश इंची, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. नव्या सीटबरोबर आलेले बोल्ट ८ मिलिमीटरचे. हातात घेतले तर सारखेच वाटतात आणि पहिला फेरा धरतातसुद्धा. पण इंची बोल्टला इंचाला २४ आटे, तर ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला साधारण २०. पाना लावून जोर दिला की नटाचे आटे खलास. बोल्ट हाताने दोन-तीन फेरे मोकळा फिरत नसेल तर तिथेच थांबा.

बेल्टबद्दल. एमएक्स-५मध्ये बकल सीटलाच बोल्ट केलेलं असतं. ते तसंच वापरणं सोपं होतं, आणि बरेच जण तसं करतात. मी केलं नाही. बकल सीटवर असलं की टक्कर झाल्यावर माणसाचा सगळा जोर सीटच्या पायांवर येतो, आणि ते पाय तर मी कापलेले आहेत. एमजीबीत बकल बोगद्याच्या बाजूला, गाडीच्याच अंगाला घट्ट बसवलेलं आहे. ते तिथेच ठेवलं. नव्या सीटचा बाजूचा उंचवटा रुंद असल्यामुळे बकल त्याच्या आड बुडतं, म्हणून लांब देठाचं बकल लावलं. तरी पहिले काही आठवडे बेल्ट लावताना हात चाचपडायचा. आता सवय झाली.

उरलेली उंची फोममधून काढली. गादी उलटी करून खालच्या बाजूने फोम तासला. मांडीखालचा पुढचा भाग सोडला आणि फक्त बुडाखालची जागा खोलगट केली. एकूण हिशोब असा: पाय कापून २५ मिलिमीटर, फोम तासून १२. तीन मिलिमीटर उरले, ते सोडून दिले.

इथेच पहिल्या आठवड्यातलं आणि आजचं मत वेगळं होतं. तेव्हा मी लिहिलं होतं की फोम तासणं हा सर्वोत्तम उपाय. चौथ्या महिन्यात उजव्या बाजूला खाली काहीतरी टोचू लागलं. गादी काढली तर राहिलेला फोम दबून पातळ झाला होता आणि हाडाला थेट खालची फ्रेम लागत होती. जुना फोम आधीच थकलेला असतो, त्याला पातळ केलं की तो लवकर हार मानतो. मग कुशनचं काम करणाऱ्या कारागिराने तेवढा भाग कापून त्याच जाडीचा, पण जास्त घनतेचा नवा फोम चिकटवून दिला. त्यानंतरच्या चार महिन्यांत तक्रार नाही. पुन्हा करायचं झालं तर पहिल्याच दिवशी तसाच फोम घालेन.

त्याच कारागिराकडून कव्हरही बदलून घेतलं होतं. सीट्स आल्या तेव्हा काळ्या कापडात होत्या आणि गाडीत अगदी परक्या दिसत होत्या. काळं लेदर, मध्ये उभ्या चुण्या, कडेने जुन्या सीट्ससारखी पांढरी पायपिंग, एवढ्यावर त्या गाडीच्या झाल्या. डोक्याचा भाग पाठीतूनच वर निघतो, तो अजूनही बाहेरून उंच दिसतो. बाजूने गाडी बघताना पूर्वीची सलग, सपाट रेषा मोडते, आणि तेवढ्यापुरतं मला आजही वाईट वाटतं.

आणि आता बसण्याबद्दल. पहिला पूर्ण दिवसाचा प्रवास केला त्या संध्याकाळी गाडीतून उतरलो आणि सरळ उभा राहिलो. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं थांबावं लागलं नाही. पाठ पूर्ण टेकते, खांदे टेकतात, डोक्यामागे आधार आहे. मला त्याहून मोठा फरक वळणांवर जाणवला. जुन्या सीटवर वळण घेताना मी नकळत डावा गुडघा बोगद्याला रोवायचो आणि स्टीअरिंगला लटकायचो. आता सीटच धरून ठेवते, त्यामुळे हात मोकळे राहतात आणि पुढची चाकं काय सांगतात ते स्टीअरिंगमधून नीट कळतं. बायको म्हणाली, “सस्पेन्शनचंही काही काम केलंस का रे? गाडी कमी हादरते.” काहीच केलं नव्हतं.

उणिवाही सांगतो. पाठ जाड असल्यामुळे सीट मागे सरकायची जागा दोन बोटं कमी झाली. मला चालतं, पण सव्वासहा फुटाच्या माणसाने आधी बसून पाहावं. मागच्या कप्प्याला पाठ अडते, म्हणून ती फारशी आडवी होत नाही. दाराकडचा उंचवटा उतरताना घासतो. तिथलं लेदर आठ महिन्यांतच चकाकू लागलंय, त्यामुळे आता दाराची चौकट धरून अंग आधी उचलतो आणि मग पाय बाहेर काढतो. हूड चढवल्यावर मागचं दिसणं थोडं कमी झालं. सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीट्सच्या मागे, फ्लोअरखाली आहेत. पूर्वी सीटची पाठ पुढे पाडून तिथे हात घालता यायचा. आता सीट पूर्ण पुढे सरकवून, वाकून काम करावं लागतं. पाणी तपासायला आळस होतो, म्हणून महिन्याची तारीखच ठरवून टाकली आहे.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर रनर किरकिरू लागले होते. बोल्ट थोडे सैल झाले होते. रंगवलेल्या पत्र्यावर पट्टी बसताना असं होतं. पुन्हा आवळले, रनरला ग्रीस लावलं, त्यानंतर आवाज नाही. तरीही दर दोन महिन्यांनी पाना लावून बघतो. सीट हलणं म्हणजे माणूस हलणं.

हेडरेस्टमध्ये छोटे स्पीकर आहेत. ते जोडले आणि हूड उघडी असतानाही गाणी स्वच्छ ऐकू येतात, आवाज फार न वाढवता. निवडताना याचा विचारही केला नव्हता.

काही जाणकार मित्रांना हा बदल पटलेला नाही. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच राहावी, या त्यांच्या आग्रहाचा मी आदर करतो, आणि त्यासाठीच फ्लोअरला नवीन छिद्र पाडलं नाही. पण मूळ सीट्स होत्या तेव्हा मी वर्षाला हजार किलोमीटरसुद्धा गाडी काढत नव्हतो. आता रविवार उजाडला की चावी हातात असते.

एक काम अजून बाकी आहे. गाडी उभी असताना वरून ताणायचं टोनो कव्हर सपाट सीट्ससाठी शिवलेलं होतं, ते आता हेडरेस्टवर चढत नाही. हेडरेस्टसाठी खिसे असलेलं कव्हर शिवायला दिलंय. तोवर गाडीवर जुनी चादर. मूळ सीट्स नव्या फोमसकट कापडात गुंडाळून, माळ्यावर कोरड्या जागी ठेवल्या आहेत आणि त्यांचे इंची मापाचे चार-चार बोल्ट त्यांच्याच खालच्या फ्रेमला पिशवीत बांधून ठेवलेत.