घरी येणारी फिजिओथेरपी : दादांच्या पायाचा अनुभव

जुलैत गोदाघाटावर शेवाळावरून पाय घसरून दादा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पाठोपाठ न्यूमोनिया झाला आणि ५ आठवडे खाटेवरच गेले. ३० वर्षं एसटी चालवलेला माणूस, बाथरूमला जायलाही दोघांचा आधार लागायचा. म्हणून सिडकोत आमच्या घरी येणारी फिजिओथेरपी लावली. एका भेटीचे ५०० रुपये, आठवड्यातून ४ दिवस.

पहिल्या दिवशी मॅडमनी व्यायाम घेतलाच नाही. टेप काढून दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवी अडीच सेंटिमीटरने बारीक. मग झोपवून बीपी घेतलं, पाय खाली सोडून ५ मिनिटं बसवलं, परत घेतलं. उभं केल्याबरोबर दादांना अंधारी आली. ते चिडले, "मोडलाय पाय, डोकं कशाला फिरतंय?"

"काका, सुनीता विल्यम्स परत आल्या ते टीव्हीवर बघितलं ना? २८६ दिवस वर राहिल्या आणि उतरल्यावर स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. का?"

मग त्यांनी समजावलं. अंतराळात हाडांवर शरीराचा भार येत नाही. व्यायाम नसेल तर खुब्यासारख्या हाडांची घनता महिन्याला १ ते दीड टक्क्याने उतरते. सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे जातं, मुतखड्याची भीती वाढते. पायांकडचं पाणी वर सरकतं, शरीर ते जास्तीचं समजून बाहेर टाकतं आणि जमिनीवर उभं राहिलं की बीपी पडतं. म्हणून अंतराळवीर उतरण्याआधी मीठ आणि पाणी घेतात. (दादांना बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा आपल्या मनाने असलं काही द्यायचं नाही, हेही बजावलं.) याचा अभ्यास करायला इथे धडधाकट माणसांना डोकं ६ अंश खाली ठेवून दोन-दोन महिने झोपवतात.

"तुम्ही ५ आठवडे तेच केलंत, काका."

दादा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते काय करतात मग?"

"रोज दोन-अडीच तास व्यायाम. पट्ट्यांनी बांधून घेऊन ट्रेडमिलवर पळतात. तिथे डंबेलला वजनच नसतं, म्हणून निर्वात सिलिंडरच्या ताकदीवर चालणारं यंत्र आहे, त्यावर बैठका काढतात."

दुसऱ्या दिवसापासून दादांनी "उद्या बघू" म्हणणं सोडलं. देवघरासमोरच्या लाकडी खुर्चीतून हात न टेकता उठायचं, हा मुख्य व्यायाम. पहिल्या आठवड्यात हात टेकून तीनदा, आठव्या आठवड्यात न टेकता दहादा. मांडीतला फरक १ सेंटिमीटरवर आला.

तक्रारी दोन. वेळ पाळत नाहीत. चारची भेट दोनदा साडेपाचला झाली. आणि मॅडम रजेवर असताना आलेल्या मुलाला दादांचं बीपी, मोजमाप काहीच माहीत नव्हतं. सेवेने प्रत्येक पेशंटची वही ठेवायला हवी. आम्ही शेवटी कॅलेंडरच्या मागे स्वतः लिहायला लागलो.

तरी ज्यांचं माणूस बराच काळ अंथरुणाला खिळलंय त्यांनी ही सेवा नक्की लावावी, आणि लवकर लावावी. आमचे आधीचे ते ५ आठवडे मला अजून सलतात. खाटेवरच्या खाटेवर करायचे व्यायाम तेव्हाही घेता आले असते, हे मॅडमकडून उशिरा कळलं. आता भेट आठवड्यातून एकदाच आहे. पुढची मोजणी तुळशीच्या लग्नानंतर.