गंगेवरचा बुधवारचा बाजार : थोड्या पैशांत आठवडा निघतो का?

नाशिकला आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. तिच्या काठच्या या बाजाराचा आधी निकाल सांगतो. पालेभाजी, मोसमातली फळभाजी आणि कांदा-लसूण यासाठी पाचपैकी साडेचार. कडधान्यासाठी दीड. गाडी लावायच्या सोयीला शून्य.

मी गंगापूर रोडला एका सोसायटीत वॉचमन आहे. बारा तासांची ड्यूटी, आणि सुट्टी बुधवारची मुद्दाम मागून घेतलेली. त्याआधी बरीच वर्षं दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात हमाली केली, त्यामुळे मेथीची जुडी आजची की कालची हे मला हात न लावता कळतं. पोरगं सातपूरला आयटीआयत फिटर करतंय. घरात आम्ही दोघंच, स्वयंपाक माझ्याकडे. भाडं, लाइट बिल आणि पोराचा बसचा खर्च गेला की खाण्याला आठवड्याला सहाशे-सातशे रुपये राहतात. त्यातच तेल, दूध, चहापावडर.

रेशनचा मोठा आधार आहे. आमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट. पण नुसत्या गहू-तांदळावर पोट भरतं, अंग भरत नाही. पोराने मोबाइलवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२४ चा तक्ता दाखवला. साधारण २००० कॅलरीच्या जेवणात दिवसाला ४०० ग्रॅम भाजी, २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य. दोघांचा आठवड्याचा गुणाकार केला तर साडेपाच किलो भाजी आणि जवळपास एक किलो दोनशे ग्रॅम डाळी. आमच्या कॉलनीत दारावर येणाऱ्या गाडीवरून साडेपाच किलो भाजी घ्यायची म्हटली तर डाळीला काही शिल्लकच राहत नाही. म्हणून बुधवार.

बाजार पंचवटीत गंगेच्या काठाने भरतो, गाडगे महाराज पुलाच्या आसपास, पटांगणांवर. सकाळपासूनच चालू असतो, पण सकाळी जायचं ते निवडून घ्यायला. स्वस्त घ्यायचं असेल तर दिवेलागणीला जा. कारण साधं आहे. पालेभाजीला उद्या नसतो. खेड्यावरून आलेल्या माणसाला उरलेल्या जुड्या परत नेण्यात भाडंच लागतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या पिवळ्या पडतात. यार्डातही हेच बघितलंय: दुपारनंतर लिलाव, रात्री मुंबईच्या गाड्या भरायच्या, आणि ज्याचा माल मागे राहिला त्याने पडेल तो भाव घ्यायचा. थंडीत सकाळी वीसला एक असलेली मेथी मला अंधार पडताना वीसला तीन मिळालेली आहे. एक मावशी तर स्वतःच हाक मारते, "मामा, सगळ्याच घेऊन टाका, मला पेठची गाडी गाठायचीय." अशा वेळी मी घासाघीस करत नाही. भाव तिने आधीच पाडलेला असतो, त्यावर अजून दोन रुपये पाडण्यात काय मर्दुमकी?

हे टोमॅटोला लागू नाही. टोमॅटो दुसऱ्या दिवशीही विकला जातो, त्यामुळे संध्याकाळी भाव फार उतरत नाही, फक्त वरचा चांगला माल गेलेला असतो आणि तळाचा फुटका राहतो. बटाट्याचंही तेच. कांदा घेताना गोल्टी मागा. आकाराने लहान म्हणून तिला भाव कमी, चवीत फरक नाही, फक्त सोलताना वेळ जातो. मात्र पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा साठवायला घेऊ नका, तो टिकत नाही. उन्हाळ कांदा घ्या, हवेशीर जागी महिनोन्महिने राहतो. नाशिकमध्ये राहून कांदा पाव-पाव किलो आणणं मला तरी पटत नाही.

पावसाळ्यात या बाजाराची खरी मजा. पेठ, हरसूलकडच्या बायका टाकळा, कुर्डू, आंबुशी, कवळी घेऊन बसतात. वाटे लावलेले असतात, वजनकाटा नाही. शहरातले लोक हल्ली यांचे फोटो काढतात आणि पुढे जाऊन फ्लॉवर घेतात. टाकळा कोवळा असेल तर कांदा, लसूण आणि भिजवलेली मुगाची डाळ घालून परतायचा. भाजी ओळखता येत नसेल तर विकणारीलाच विचारा, कशी करायची तेही ती सांगते. त्यांच्याकडेच मी नागली, म्हणजे नाचणी, घेतो. महिन्याला दोघांना पंधरा किलो धान्य लागतं, रेशनचं दहा येतं, उरलेल्यात मी नागलीची भर घालतो. पैशाच्या मानाने हा या बाजारातला सगळ्यात चांगला सौदा आहे. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आत. म्हणून दूध आणायचं अर्धा लिटरच, आणि संध्याकाळी नागलीची भाकरी. पोराला आधी काळी भाकरी डब्यात न्यायची लाज वाटायची. आता त्याचे मित्रच अर्धी मागून घेतात.

शेवग्याचा पाला कोणी ठेवला असेल तर सोडू नका. शेंगा महाग असतात तेव्हाही पाला फुकटात जमा असतो.

फळांचं म्हणाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचे सुटे मणी घ्या. घडातून गळालेले असतात, म्हणून भाव पडतो, गोडीत काही कमी नसतं. मिठाच्या पाण्यात घालून ठेवायचे, दोनदा धुवायचे, त्याच दिवशी संपवायचे. बाकीच्या महिन्यांत पेरू, केळी, बोरं, जे ढिगाने दिसेल ते. सफरचंदाच्या गाडीकडे मी बघतही नाही.

आता दीड गुण का, ते. बाजारात कडधान्य पोत्यातून मापट्याने देतात. मापट्याचं तळ आतून वर आलेलं असलं तर दिसत नाही, आणि माल जुना असेल तर घरी गेल्यावर रात्रभर भिजवूनही मटकीचे दाणे गोट्यांसारखे राहतात. किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजून घ्या, किलोमागे पाच-दहा रुपये जास्त गेले तरी चालतील. माझा नियम असा की भाजी कितीही स्वस्त दिसली तरी आधी कडधान्याचे पैसे वेगळ्या खिशात ठेवायचे. बाजारात माणूस हुरळतो. पन्नास रुपयांत पिशवी भरली की अजून पन्नासची घेतो, आणि शनिवारी त्यातली निम्मी सडलेली असते. हुलगे, मटकी, हरभरा यांत शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं. ते कुठल्याही पालेभाजीत मिळणार नाही.

आमचा आठवडा साधारण असा जातो. बुधवारी रात्री आणि गुरुवारी मेथी, शेपू, चाकवत, म्हणजे जे आधी वाळणार ते. मेथीची पातळ भाजी तूरडाळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून केली तर वेगळं वरण करावं लागत नाही, गॅसही वाचतो. नंतर गवार, दोडका, वांगी. रविवारी अंडी. सोमवार-मंगळवारी भाजी संपलेली असते तेव्हा मोड आलेली मटकी किंवा हुलग्याचं कळण, आणि अगदीच कंटाळा आला तर पिठलं. बेसनाला कमी लेखू नका, तेही हरभऱ्याचंच. पालेभाजीवर लिंबू पिळायचं, म्हणजे तिच्यातलं लोह अंगी लागतं, आणि जेवल्यावर लगेच चहा घ्यायचा नाही. हे दुसरं मला अजून जड जातं, नाइट ड्यूटीला तर फारच.

बाजारातल्या गैरसोयी सांगितल्याच पाहिजेत. गर्दीत मोबाइल आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा. हातातल्या तराजूवर घेणार असाल तर आधी रिकामी पारडी सरळ राहतात का बघा, विक्रेता रागावला तर रागावू द्या. गाडी लांब लावून चालत या. पावसात चिखल असतो आणि वर काठाची जागा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि दुतोंड्या मारुतीला (नदीतली मूर्ती, पूर किती आला ते तिच्यावरून बघतात) पाणी लागलं की बाजार वर रस्त्यावर सरकतो, दुकानं दाटीवाटीने बसतात, भावही चढतो. गुडघे दुखणाऱ्यांनी अशा दिवशी येऊ नये. दोन-तीन कापडी पिशव्या आणि सुटे दहा-वीस जवळ असू द्या. संध्याकाळी घाईत असलेल्या मावशीकडे पाचशेची नोट काढलीत तर ती तुम्हाला सोडून शेजारच्याला माल देईल.

आणि पितृपक्षाच्या पंधरवड्यात स्वस्ताईच्या आशेने येऊ नका. गवार, भेंडी, कारली, अळूची पानं, सगळ्यांचे भाव तेव्हा भडकलेले असतात, संध्याकाळीही उतरत नाहीत. त्या दोन बुधवारी मी फक्त लसूण, लिंबं आणि नागली घेतो, बाकी दिवस उसळीवर काढतो.