गोठ्याच्या खांबांना इपॉक्सी प्रायमर : एक पावसाळा काढल्यानंतर

आमच्या लातूर भागात कोकणासारखी खारी हवा नाही, त्यामुळं इकडं लोखंडाला काही होत नाही असं सगळे धरून चालतात. पत्र्याखालच्या कैच्यांपुरतं ते खरंही आहे. तिथं रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट भरपूर झालं. गोठ्याचं दुखणं बुडाशी असतं. गोमूत्रातले क्षार, त्यातून सुटणारा अमोनिया आणि ओल धरून बसणारं शेण. बेसप्लेटपासून, म्हणजे खांबाच्या तळाच्या लोखंडी पट्टीपासून, वीतभर पाइप कधी वाळतच नाही. माझ्या खांबांना तिथं पोपडे आले होते, पेचकसानं टोचलं की पापुद्रा हातात यायचा.

उन्हाळ्यात दोन डब्यांचा (एकात रंग, दुसऱ्यात तो घट्ट करणारा हार्डनर) इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर आणला, वरून पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन पेंट. आता संक्रांत उलटली. दोन खांब मुद्दाम रेड ऑक्साइड-ऑइल पेंटवर ठेवले होते. परतीच्या पावसानंतर त्या दोघांच्या बुडाला फोड आले आणि आत तांबूस पाणी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतूनच उचलतो. इपॉक्सीचे खांब मात्र अजून गुळगुळीत आहेत. शेण वाळून चिकटलं तरी पाण्याच्या फवाऱ्यानं सुटतं.

पण याचं अर्धं श्रेय ग्राइंडरला. तारेचा कप लावून लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, थिनरनं पुसलं आणि त्याच दिवशी पहिला हात मारला. नुसता पॉलिश पेपर फिरवून महागडा रंग लावणार असाल तर पैसे मोंढ्यात ठेवून आल्यासारखं आहे. मजुरी रंगाइतकीच पडते, ती आधी धरा.

वेल्डिंगच्या जोडांवर ब्रशनं वेगळा हात हवाच. तिथल्या खाचेत रंग पातळ बसतो, आणि जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप असेल तर वेल्डिंगच्या आचेनं तिथलं जस्त आधीच जळालेलं असतं.

कटकटीही आहेत. हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू, मे महिन्यात तर डबा भराभर घट्ट होतो. थोडं थोडं कालवा, तेही सकाळीच. तापलेल्या पाइपवर थिनर उडून जातो आणि रंगाला बारीक छिद्रं पडतात. पाण्याच्या टाकीच्या स्टँडचा एक पाय पीयूशिवाय सोडून पाहिला : उन्हाच्या बाजूनं बोट फिरवलं की पांढरी भुकटी निघते. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, उघड्यावर पीयू चुकवू नका.

रंगाला जे जमणार नाही ते म्हणजे साखळीचं घासणं. म्हशीच्या दाव्याजवळ लोखंड उघडं पडलंच. साखळीवर जुन्या ड्रिपच्या नळीचा तुकडा चढवला, खांबाला परत हात मारला. आणि बेसप्लेटभोवती सिमेंटचा बाहेर उतरता उंचवटा करून घ्या, म्हणजे मूत्र तिथं साचणार नाही. सगळा गोठा इपॉक्सीत रंगवायची गरज नाही. खालचे दोन फूट पुरेत.