ईमॅक्सची पॅकेजं: आठ महिने वापरल्यावर

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधली सगळी पॅकेजं (सोयी वाढवणारी छोटी जोडणी) एकदम अपडेट केली आणि पहाटे अडीचपर्यंत निस्तरत बसलो. सकाळी अहवाल द्यायचा होता.

पॅकेजांच्या यादीत कॅपिटल यू दाबलं की नव्या आवृत्तीपुढे आय (म्हणजे बसवा) उमटतो, जुनीपुढे डी (म्हणजे काढा). मग एक्स दाबायचं. तो डी आठ महिने माझ्या डोळ्यांसमोर होता, पण जुनं फोल्डर खरोखर पुसलं जातं हे त्या रात्री कळलं. नवी आवृत्ती बिघडलेली निघाली तर मागे नेणारी कमांडच नाही. पॅकेजं सांभाळणारं पॅकेज-डॉट-ईएल २०१२ च्या ईमॅक्स २४ पासून सोबत येतं, २०२३ च्या २९ मध्ये पॅकेजांच्या सेटिंग नीट मांडणारं यूज-पॅकेजही आत आलं, आणि एवढी साधी सोय अजून नाही. याचा मला खरंच राग आहे.

मेल्पा या पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारावर तर आणखी पंचाईत. तिथे आवृत्ती म्हणजे तारीख आणि वेळ, २०२५०३१४.११४२ अशी. लेखकाने गिटवर (कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारं साधन) शेवटचं जे टाकलं त्याचंच पॅकेज बनतं, अर्धवट काम असलं तरी. जुनं तिथे मिळत नाही. ग्नू एल्पा या दुसऱ्या भांडारावर जुन्या आवृत्त्या ठेवतात, पण माझं बिघडलेलं पॅकेज तिथलं नव्हतं. शेवटी जुन्या लॅपटॉपमधलं फोल्डर पेन ड्राइव्हने आणलं.

मध्यंतरी पॅकेज-डॉट-ईएलऐवजी स्ट्रेट हे पॅकेजं सांभाळणारं दुसरं साधन वापरून पाहिलं होतं. ते प्रत्येक पॅकेजचं अख्खं गिट भांडार इतिहासासकट उतरवतं. माझं सगळं हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड जीबी. दुपारीच डेटा संपला आणि मी त्याला भरपूर नावं ठेवली. ती आता मागे घेतो. कुठली आवृत्ती होती ते नोंदवून ठेवणारी त्याची लॉकफाइल असती तर त्या रात्री मी बारा वाजता झोपलो असतो. क्लोन, म्हणजे उतरवलेली प्रत, छोटा ठेवायची सेटिंगही आहे, मी ती तेव्हा शोधलीच नाही.

तरी पुन्हा सगळं उतरवायला डेटा घालवणार नाही. पॅकेजं जिथे बसतात ते एल्पा फोल्डरच गिटमध्ये टाकलंय, फक्त ईएलसी (कंपाइल केलेल्या) फाइली वगळून. अपडेटच्या आधी एक कमिट (गिटमध्ये त्या क्षणाची नोंद), आणि एका वेळी एकच पॅकेज.

काल मुद्दाम एक पॅकेज अपडेट करून मागे नेलं. पुसलेलं फोल्डर जसंच्या तसं परत आलं, नवं काढून टाकलं, ईएलसी पुन्हा बनवायला पॅकेज-रीकंपाइल-ऑल चालवलं, ईमॅक्स पुन्हा सुरू केलं. दोन मिनिटं लागली, आणि मागे यायला डेटा अजिबात गेला नाही.