मऊ चेहरा आणि निळे मणी : एका फेस स्क्रबचे परीक्षण

हा फेस स्क्रब मी दीड महिना, आठवड्यातून दोनदा वापरला. वापरापुरते पाहिले तर तक्रारीला फारशी जागा नाही : जेल सहज पसरते, वास मंद आहे आणि धुतल्यावर चेहरा मऊ लागतो. कंपनीचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण अशाच घडणीची उत्पादने इतरही अनेक आहेत. माझा आक्षेप आहे तो ट्यूबच्या मागे, भिंग लावून वाचाव्या लागणाऱ्या घटकांच्या यादीवर. पुढच्या बाजूला ज्यांना ‘हळुवार मोती’ म्हटले आहे, त्यांना मागे पॉलिएथिलीन, म्हणजे एक प्लास्टिक, म्हटले आहे आणि त्याच यादीत मिथाइलपॅराबेन व ब्युटाइलपॅराबेन ही पॅराबेन गटातली परिरक्षके, म्हणजे उत्पादन खराब होऊ न देणारी रसायनेही आहेत.

खात्री करून घ्यावी म्हणून चमचाभर जेल कोमट पाण्यात ढवळले. थोड्याच वेळात निळे मणी वर येऊन ग्लासच्या कडेला वर्तुळ धरून बसले. ते कॉफीच्या गाळणकागदावर गाळून घेतले आणि उकळत्या पाण्यात सोडले. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा असता तर तो आधीच तळाशी गेला असता, जोजोबाच्या मेणाचे मणी असते तर ते वितळले असते; हे मात्र जसेच्या तसे राहिले, कारण पॉलिएथिलीन वितळायला शंभर अंशांहून अधिक उष्णता लागते.

परिरक्षकांबद्दल आधी न्यायाने बोलले पाहिजे. ज्या प्रसाधनात पाणी आहे आणि जे ओल्या हातांनी उघडले जाते, त्यात परिरक्षक नसेल तर स्यूडोमोनाससारखे जिवाणू वाढू शकतात आणि ते डोळ्यांना घातक ठरू शकतात. पॅराबेन हे काम चोख करतात. त्यांच्यावरचा आक्षेप असा, की ते इस्ट्रोजेन या संप्रेरकाची क्षीण नक्कल करतात. मिथाइलपॅराबेनमध्ये हा गुण अगदी कमी, तर ब्युटाइलपॅराबेनमध्ये त्याहून अधिक आहे. 2004 मध्ये स्तनाच्या गाठींच्या ऊतींत पॅराबेन सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि भीती पसरली, परंतु त्या अभ्यासात तुलनेसाठी निरोगी ऊतीच नव्हत्या, त्यामुळे पॅराबेनमुळे गाठ झाली असे त्यावरून म्हणता येत नाही. युरोपीय संघाने एका पॅराबेनसाठी 0.4 टक्के, तर प्रोपाइल आणि ब्युटाइल या दोहोंसाठी मिळून 0.14 टक्के अशी मर्यादा घातली आहे. अडचण एवढीच, की ही मर्यादा प्रत्येक उत्पादनाला स्वतंत्रपणे लागू होते आणि सकाळपासून चेहऱ्यावर, केसांवर व अंगावर चार-पाच उत्पादने लावणाऱ्याच्या शरीरात जाणारी बेरीज कोणत्याही एका ट्यूबवर छापलेली नसते.

प्लास्टिकच्या मण्यांबाबतही अतिशयोक्ती नको. या आकाराचे मणी अखंड त्वचेतून आत जात नाहीत. 2022 मध्ये 22 पैकी 17 जणांच्या रक्तात प्लास्टिकचे अंश आढळले, तर 2024 मध्ये मानेच्या धमनीत साचलेल्या चरबीच्या थरात असे कण असलेल्या रुग्णांना हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका कण नसलेल्यांच्या सुमारे साडेचार पट दिसून आला. मात्र हा केवळ संबंध आहे; कण हेच त्याचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. शरीरात जाणारे कण मुख्यतः अन्न, पाणी आणि हवा यांतून येतात. स्क्रबचे मणी सांडपाण्यावाटे त्याच साठ्यात भर घालतात.

मणी आणि पॅराबेन या दोहोंच्या एकत्र असण्याचे काय? पॉलिएथिलीन पाण्याला दूर ठेवते आणि तेलात विरघळणारी रसायने ओढून घेते. त्यामुळे पाण्यात कमी विरघळणारे ब्युटाइलपॅराबेन मिथाइलपॅराबेनपेक्षा प्लास्टिकला अधिक धरते. या ट्यूबमध्ये मणी महिनोन् महिने पॅराबेनयुक्त जेलमध्येच भिजत असतात. प्लास्टिकने अशी रसायने शरीरात वाहून नेण्यावरचे प्रयोग बहुतेक मासे आणि पेशींवर झालेले आहेत आणि माणसावर त्यांचे माप सरळ लावता येत नाही. मला अधिक लगतचा वाटतो तो दुसराच मार्ग : स्क्रब त्वचेचा वरचा मृत थर घासून पातळ करतो आणि त्यानंतर ‘लगेच’ लावा म्हणून ट्यूबवर जी क्रीम सुचवली आहे, तिच्यातही हेच पॅराबेन आहेत. स्क्रब मिनिटभरात धुऊन जातो, क्रीम मात्र रात्रभर राहते आणि नुकत्याच घासलेल्या त्वचेतून अधिक प्रमाणात आत जाते. संवेदनशील त्वचा असलेल्यांनी निदान ही जोडी टाळावी.

‘पॅराबेनमुक्त’ शिक्का पाहून दुसरी ट्यूब उचलण्यातही सुटका नाही. पॅराबेनच्या जागी अनेकदा आलेल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाने इतक्यांना पुरळ आणले, की 2013 मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने त्याला वर्षातील ॲलर्जीकारक पदार्थ ठरवले.

परिरक्षकाला या ट्यूबमध्ये काही काम तरी आहे, मण्यांना नाही. घासण्यासाठी मीठ, साखर, टरफलांचा चुरा, काहीही चालते. अमेरिकेने 2015 च्या कायद्याने धुऊन टाकायच्या प्रसाधनांत असे मणी घालण्यास मनाई केली, तर युरोपीय संघाने 2023 मध्ये त्यांवर बंदी आणली. कंपनीला मी पत्र लिहिले तेव्हा सर्व परिरक्षके ‘मर्यादेत’ असल्याचे उत्तर आले. मण्यांचा त्यात उल्लेखही नव्हता. पाचांपैकी मी दीड गुण देतो, तोही जेलच्या पोतासाठी. उरलेली ट्यूब बेसिनमध्ये पिळून रिकामी करू नये, म्हणजे मणी गटारात जाणार नाहीत. मी ती झाकण घट्ट लावून, गाळणकागदावर वाळलेल्या निळ्या मण्यांच्या पुडीसह सुक्या कचऱ्यात टाकली.