केप टाउनची ‘शार्क स्पॉटर्स’ सेवा: काळा झेंडा समजला तरच उपयोग

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहरालगत फॉल्स बे नावाचा मोठा उपसागर आहे. तेथे पोहायला किंवा सर्फिंगला उतरणाऱ्यांसाठी ‘शार्क स्पॉटर्स’ ही पहाऱ्याची सेवा २००४ पासून चालते. तिला तिकीट नाही की नावनोंदणी नाही. या उपसागरावरच्या म्यूझेनबर्गच्या किनाऱ्यावर खांबावर जो झेंडा फडकत असतो, त्याच्या रूपातच ही सेवा आपल्यापर्यंत पोचते. पर्यटक मंडळी तिचे वर्णन बहुधा ‘किनारा अगदी सुरक्षित आहे’ एवढ्यावर उरकतात. हे वर्णन दिशाभूल करणारे आहे, कारण ही सेवा सुरक्षिततेची हमी देतच नाही. डोंगरावरून काय दिसते आणि काय दिसत नाही एवढे ती सांगते, आणि एक झेंडा वगळता पाण्यात उतरण्याचा निर्णय आपल्यावरच सोपवते.

तिच्या जन्माची हकीकत ठाऊक असेल तर हे धोरण नीट कळते. २००४ मध्ये म्यूझेनबर्गला एका तरुण सर्फरने शार्कच्या हल्ल्यात पाय गमावला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेजारच्या फिश हुक येथे पोहायला गेलेल्या एका वृद्ध महिलेचा मृत्यू झाला. त्याच देशातल्या डर्बन शहराच्या किनाऱ्यावर १९५२ पासून शार्क अडकवून मारणारी जाळी लावली जातात. त्यांत डॉल्फिन, कासवे आणि पाकटही मरतात. केप टाउनने ती वाट धरली नाही. शिवाय मोठ्या पांढऱ्या शार्कला कायद्याचे संरक्षण देणारा दक्षिण आफ्रिका हा पहिला देश, तेही १९९१ पासून. अशा वेळी म्यूझेनबर्गचे सर्फर, तिथले व्यावसायिक आणि रस्त्यावर गाड्या राखणारी माणसे यांनी मिळून डोंगरावर माणूस बसवण्याची व्यवस्था उभी केली आणि महापालिका पुढे तिच्यात भागीदार झाली. म्हणजे लोकसहभाग हा येथे नंतर चिकटवलेला शब्द नाही. कामाची सुरुवातच लोकांनी केली आहे.

किनाऱ्यामागच्या डोंगरावरून बॉइज ड्राइव्ह हा रस्ता जातो. तेथून पोलराइज्ड (पाण्यावरची चमक कापणारा) चष्मा आणि दुर्बीण घेतलेला पहारेकरी खालच्या पाण्यावर नजर ठेवतो. तळाची वाळू फिकट असल्यामुळे तिच्यावरून सरकणारी गडद आकृती उंचावरून ओळखता येते. ती सील आहे, डॉल्फिन आहे की शार्क, हे ठरवणे मात्र सरावाचे काम आहे. पहारेकऱ्याने वायरलेसवर कळवताच किनाऱ्यावरचा सहकारी झेंडा बदलतो आणि गरज पडल्यास भोंगा वाजवतो. मालवणकडे रापण ओढणाऱ्यांना पाण्याच्या रंगावरून मासळीचा थवा कळतो, त्याच जातीचे हे कसब आहे. फॉल्स बेमध्येही किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार पूर्वापार डोंगरावर टेहळणीला माणूस ठेवत आले आहेत. एरवी कोकणातल्या माणसाला मोरी, म्हणजे शार्क, आठवते ती मटणाच्या वाटीत. येथे तिच्यासाठी सगळा किनारा रिकामा होतो, याची थोडी गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

झेंडे चार आहेत. हिरवा म्हणजे दृश्यता चांगली आहे आणि शार्क दिसलेला नाही. लाल म्हणजे शार्क नुकताच दिसला होता, आता नजरेआड झाला आहे, किंवा अन्य कारणाने धोका वाढलेला आहे. पांढऱ्यावर काळा शार्क काढलेला झेंडा भोंग्यासह चढला की क्षणभरही न थांबता बाहेर यायचे. उरला काळा झेंडा. माझ्या मते या सेवेची खरी गुणवत्ता त्याच्यातच आहे. पाणी गढूळ आहे, वाऱ्याने फेसाळले आहे किंवा उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते आहे, तेव्हा आम्हाला नीट दिसत नाही, अशी कबुली तो देतो. स्वतःची मर्यादा खांबावर टांगून जाहीर करणारी सार्वजनिक सेवा विरळाच. अडचण एवढीच की उन्हाळ्यात, म्हणजे पर्यटकांच्या ऐन गर्दीत, येथे आग्नेयेचा जोरदार वारा सुटतो आणि पांढरे शार्क किनाऱ्याजवळ येण्याचा काळही पूर्वीपासून साधारण तोच. जेव्हा पहारा सर्वांत जास्त हवा, नेमके तेव्हाच पहारेकऱ्याचे डोळे निकामी ठरू शकतात.

नवख्याला हे कोण सांगणार? किनाऱ्यावर फलक आहे आणि तो स्पष्टही आहे, पण तो वाचणारे थोडे. काळा झेंडा वर असताना एका सर्फ शाळेचा शिक्षक दहा-बारा जणांना वाळूवर पालथे झोपवून फळीवर उभे कसे राहायचे ते शिकवत होता. फलकाकडे सगळ्यांची पाठ होती आणि झेंड्याबद्दल एक वाक्यही उच्चारले गेले नाही. अशा शाळांना पहिली पाच मिनिटे झेंड्यांसाठी राखणे महापालिकेने बंधनकारक करावे. झेंडा कळूनही न मानणारे वेगळेच. २०११ मध्ये फिश हुकचा किनारा शार्कमुळे बंद असताना एक पोहणारा पाण्यात गेला आणि पाय गमावून बसला. पहाऱ्याने आपले काम केले होते.

त्याच फिश हुकला २०१३ पासून एका कोपऱ्यात वेगळे जाळे लावले जाते. त्याची भोके इतकी बारीक असतात की त्यात शार्क अडकत नाही, नुसता बाहेर राहतो. जाळे सकाळी टाकून संध्याकाळी काढून घेतात आणि हवा वाईट असेल किंवा जवळ देवमासे असतील तर टाकतच नाहीत. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी म्यूझेनबर्गपेक्षा हा कोपरा निवडावा.

आता सेवेपुढचा सर्वांत अवघड प्रश्न. २०१० ते २०१६ या काळात पहारेकऱ्यांना वर्षाला सरासरी २०५ वेळा पांढरे शार्क दिसत. २०१८ मध्ये हा आकडा ५० वर आला आणि २०१९ मध्ये महापालिकेला जाहीर करावे लागले की त्या वर्षी एकही खात्रीशीर नोंद झालेली नाही. शार्कचे यकृत खाणारी ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ ही ओर्कांची (किलर व्हेल नावाच्या शिकारी सागरी प्राण्यांची) जोडी याला किती कारणीभूत आणि पांढऱ्या शार्कचे भक्ष्य असलेल्या लहान शार्कची मासेमारी किती, यावर संशोधकांचे एकमत नाही. जे दिसतच नाही त्यासाठी पगारी माणसे कशाला, असे विचारणारे भेटतात. मला हा युक्तिवाद पटत नाही. पांढरे शार्क नाहीसे झाले हे आकड्यांनिशी सांगता आले ते याच माणसांनी वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींमुळे. शिवाय उपसागरात इतर जातींचे शार्क आजही आहेत. ही माणसे बहुतांशी आसपासच्या गरीब वस्त्यांतली आहेत आणि त्यांना या कामातून प्रशिक्षण आणि रोजगार मिळतो, हेही हिशेबात धरले पाहिजे.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो पहाऱ्यासाठी नव्हे, झेंड्यांचा अर्थ नवख्यांपर्यंत पोचवण्यात राहिलेल्या उणिवेसाठी. पहारा दिवसा ठरावीक वेळेतच असतो, म्हणून पहाटे किंवा तिन्हीसांजेला खांब रिकामा दिसला तर त्याचा अर्थ हिरवा झेंडा असा घेऊ नये.